टायरच्या विल्यम यांस, आभारपूर्वक

आदरणीय आर्चबिशप विल्यम,

स.न.वि.वि.

बाराव्या शतकातला जेरुसलेमचा कुष्ठरोगी राजा चौथा बाल्डविन आज आम्हाला माणूस म्हणून ओळखता येतो, तो तुम्ही लिहिलेल्या इतिहासामुळे. त्याबद्दल हे पत्र.

पहिले आभार त्या नखांच्या खेळाचे. नऊ वर्षांचा राजपुत्र तुमच्याकडे शिकायला होता. मुलं एकमेकांच्या हातांत नखं रुतवायची. बाकीची कळवळायची, हा गप्प. आधी तुम्हाला तो सोशिकपणा वाटला. मग विचारपूस केल्यावर कळलं, की उजवा हात जवळजवळ अर्धा बधिर आहे. शेक, तेलाची मालीश, जालीम औषधं, कशाचाच गुण आला नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. कुष्ठरोग तपासताना आजही त्वचेला स्पर्श कळतो का, हे पाहतात. बधिर जागी झालेली जखम कळत नाही, ती चिघळत जाते, आणि हातापायांची हानी बऱ्याचदा तिथूनच होते.

याच मुलाला १५ जुलै ११७४ रोजी, तेराव्या वर्षी, राज्याभिषेक झाला. २५ नोव्हेंबर ११७७ च्या माँजिझारच्या लढाईत त्याच्याकडे ३७५ नाइट (घोडेस्वार योद्धे) होते, असं तुम्ही लिहिता. त्याचा शत्रू, सुलतान सलाउद्दीन याच्या २६,००० सैनिकांचा तुमचा आकडा आम्ही जपूनच घेतो. पण सलाउद्दीन का हरला, ते तुमच्या मजकुरात स्पष्ट दिसतं: राजा अस्कालोन शहरात अडकला या भरवशावर त्याच्या तुकड्या लुटीसाठी पांगल्या होत्या.

११८३ च्या कराची नोंद तर अमोल आहे. मालमत्तेवर शंभराला १ बेझंट (सोन्याचं नाणं), उत्पन्नावर शंभराला २, आणि गरिबांकडून चुलीमागे १. तेवढंही जमत नसेल तर निम्मं. हैफापासून जेरुसलेमकडच्या भागाचा पैसा जेरुसलेमला, बाकीचा आक्रेला, तीन-तीन कुलपांच्या पेट्यांत. खर्च फक्त राज्याच्या रक्षणासाठी. रिकाम्या खजिन्याचं दुखणं इतक्या बारकाईने सांगणारी नोंद वाचली, की त्या राज्याची ओढाताण समजते.

एक तक्रारही आहे. राजाची आई ॲग्नेस आणि मेहुणा गी यांच्याबद्दल तुम्ही कडवट लिहिता, त्रिपोलीचा सरदार रेमंड याला मात्र झुकतं माप देता. ती पानं आम्ही इतर साधनांशी ताडूनच वाचतो. तरी ११८३ मध्ये दृष्टी गेलेल्या, हातपाय निकामी झालेल्या राजाने गीकडून कारभार काढून घेतला, २० नोव्हेंबरला लहानग्या भाच्याला राज्याभिषेक करवला आणि वेढ्यात सापडलेल्या केरकच्या किल्ल्याकडे सैन्य निघालं तेव्हा स्वतः डोलीतून गेला, हा क्रम तुमच्याविना असा सलग जुळला नसता.

तुमच्या इतिहासाचा तेविसावा भाग ११८४ च्या घडामोडींवर अर्धाच तुटतो. ११८५ मध्ये, चोविसावं वर्षही पुरं न करता, तुमचा विद्यार्थी गेला. त्याचा हात प्रथम तपासणाऱ्या माणसाने लिहिलेली त्या मरणाची नोंद आमच्याकडे नाही.

आपले कृतज्ञ,
मध्ययुगीन इतिहासाचे अभ्यासक