गोली चाळिशीचा, बचावपटू डब्लिनचा

फोंडा,
10 जानेवारी 2026

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर केप व्हर्देच्या फुटबॉल टीमचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालास, "आई, कसलं कौतुक करतेस त्यांचं? अर्धी टीम तर युरोपात जन्मलेली. भाड्याची माणसं आणून वर्ल्ड कपला निघालेत." मला त्यावर बरंच बोलायचं होतं, पण तेवढ्यात रियाने फोन ओढून घेतला आणि मग तिचीच शाळा सुरू झाली. म्हणून सविस्तर लिहिते. वाचायचा कंटाळा करू नकोस.

एक तर त्या देशाचा आकार ध्यानात घे. सेनेगलच्या किनाऱ्यापासून दूर, भर अटलांटिकमध्ये दहा बेटं. सगळी मिळून क्षेत्रफळ आपल्या गोव्याहून थोडं जास्त आणि माणसं पाच लाखांच्या थोडी वर, म्हणजे गोव्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. पोर्तुगीज तिथेही होते. आपण 1961 मध्ये सुटलो, ते 1975 च्या जुलैत. पाऊस जवळजवळ नाहीच. 1940 च्या दशकातल्या दुष्काळांत हजारो माणसं अन्नावाचून मेली. जे उरले त्यांतले कितीतरी जहाजं धरून बोस्टनकडे, लिस्बनला, रॉटरडॅमला गेले. आज बेटांवर आहेत त्याहून जास्त केप व्हर्देकर बाहेर आहेत असं म्हणतात. मग अशा देशाने टीम बांधायला घेतली तर खेळाडू शोधायला जायचं कुठे? जिथे आपली माणसं गेली तिथेच ना.

आणि उलट बाजूही बघ. पॅट्रिक व्हिएरा 1998 मध्ये फ्रान्सकडून वर्ल्ड कप जिंकला, त्याची आई मूळची केप व्हर्देची. स्वीडनच्या हेन्रिक लार्सनचे वडील तिथले. पोर्तुगालचा नानी तिथल्याच कुटुंबातला. ही पोरं दुसऱ्यांच्या जर्सीत गोल मारत होती तेव्हा कुणी भाड्याची म्हटलं नाही. आता यांनी आपली चार पोरं परत बोलावली की लगेच हिशेब मागायचा, हा कुठला न्याय?

तुझ्याच गावातला माणूस सांगते. रॉबेर्तो लोपेस, त्याला 'पिको' म्हणतात. जन्म डब्लिनचा, आई आयरिश, वडील केप व्हर्देचे. तुमच्या शॅमरॉक रोव्हर्स क्लबचा बचावपटू. पूर्णवेळ खेळायला लागण्याआधी बँकेत गृहकर्जाचं काम बघायचा. त्याला केप व्हर्देच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाचा निरोप आला तो लिंक्डइनवर, आणि तोही पोर्तुगीजमध्ये! याला ती भाषा येत नव्हती. फालतू काहीतरी असेल म्हणून त्याने सोडून दिला. काही महिन्यांनी प्रशिक्षकाने पुन्हा विचारलं, विचार केलास का म्हणून. तेव्हा कुठे याने भाषांतर करून बघितलं, तर देशाकडून खेळायचं आमंत्रण! 2019 पासून खेळतोय. मला यात गंमत वाटते ती प्रशिक्षकाची. मोठ्या देशाचा असता तर दुसरा निरोप पाठवलाच नसता, त्याच्याकडे दहा पर्याय असते.

पण सगळेच काही बाहेरून आलेले नाहीत. गोली व्होझिन्या साओ व्हिसेंट बेटावरचा, येत्या जूनमध्ये चाळीस पूर्ण करेल. आताचे प्रशिक्षक बुबिस्ता बोआ व्हिस्ता बेटावरचे, स्वतः देशाकडून खेळलेले. 2013 साली वर्ल्ड कपच्या पात्रतेत ट्युनिशियाला त्यांच्याच मैदानात 2-0 हरवून हे लोक पुढच्या फेरीत गेले होते. मग निघालं की बंदी असलेला एक खेळाडू उतरवला होता. फिफाने निकाल फिरवून 0-3 केला आणि ट्युनिशिया पुढे गेली. म्हणजे मैदानात जिंकले आणि कागदात हरले. असं झालं की माणसं वर्षानुवर्षं तेच उगाळत बसतात. आपल्याकडची मंडळी तुला माहीत आहेतच.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. 2024 च्या सुरुवातीला आफ्रिका कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलेली ही टीम त्याच वर्षी पुढच्या आफ्रिका कपच्या पात्रतेत गटात शेवटची आली. तो कप आत्ता मोरोक्कोत चालू आहे आणि हे घरी बसून बघताहेत! त्याआधी वर्ल्ड कपच्या पात्रतेत कॅमेरूनने आपल्या घरी, याउंदेत 4-1 ने धुतलंच होतं. बुबिस्तांना काढलं नाही. त्यांनीही टीम उलटीपालटी केली नाही. गेल्या सप्टेंबरात तोच कॅमेरून यांच्या राजधानीत, प्रायाला आला आणि 1-0 ने हरून गेला. दाइलोन लिव्रामेंतोचा गोल.

ऑक्टोबरात लिबियात जिंकले असते तर तिथेच वर्ल्ड कपसाठी पात्र झाले असते. 1-3 ने मागे पडले, शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन गोल करून 3-3 केलं. अगदी शेवटी चौथाही मारला, तो ऑफसाइड म्हणून धरला नाही. पाच दिवसांनी प्रायात एस्वातिनीशी मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. बाबा तोवर खुर्चीतच घोरत होते. मध्यंतरानंतर दहा मिनिटांत दोन गोल झाले तेव्हा मी ओरडले म्हणून त्यांना जाग आली. तिसरा गोल स्टोपिराने मारला, वय 37. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्याच वर्षी पहिल्यांदा वर्ल्ड कपसाठी पात्र.

आता गटात स्पेन, उरुग्वे आणि सौदी अरेबिया. स्पेनबद्दल मी काही बोलत नाही. सौदीला ते हरवू शकतात असं माझं मत आहे. बाबांना ते पटत नाही, ते 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये सौदीने अर्जेंटिनाला हरवलं तो सामना काढतात.

एकशे चाळीस कोटींत अकरा मिळत नाहीत का, हे रडगाणं मी गाणार नाही, कान किटले ते ऐकून. पण एक फरक आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. भारताकडून खेळायचं तर दुसरा पासपोर्ट सोडावा लागतो. बेंगळुरू क्लबच्या रायन विल्यम्सने नुकताच ऑस्ट्रेलियाचा सोडला. पिकोला कुणी काही सोडायला सांगितलं नाही. तुझ्या त्या आयरिश नागरिकत्वाच्या अर्जाचं तू काय करायचं ते तू आणि मानसी ठरवा, मी मध्ये पडणार नाही. फक्त उद्या रियाला कुणी ती कुठली म्हणून विचारलं, तर रविवारी जे बोललास ते तिच्यासमोर बोलू नकोस.

फेब्रुवारीत तुमची लीग सुरू होईल. रोव्हर्सचं टॅलाचं स्टेडियम तुझ्या घरापासून लांब नाही. एकदा रियाला घेऊन जा आणि पिको कॉर्नरला वर कसा जातो ते नीट बघून मला सांग. स्वेटर दोन घाल तिला.

स्पेनशी सामना 15 जूनला अटलांटात आहे. त्या दिवशी सामना चालू असताना फोन करू नकोस, मध्यंतरात कर.

तुझी,
आई