गृहनिर्माण मंत्र्यांना खुलं पत्र : सही झाल्यावर निघणाऱ्या ‘एक्स्ट्रा’बद्दल

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

घर बांधायच्या कॉन्ट्रॅक्टवर सही होईपर्यंत आकडा एकच असतो, सही झाली की त्याला पिल्लं होतात. पहिलं पिल्लू पायाच्या कामातच निघतं. खोदायला घेतलं की खाली खडक लागतो नाहीतर भुसभुशीत भराव, मग पाया खोल न्या, सळई वाढवा, काँक्रीट वाढवा, आणि कॉन्ट्रॅक्टर कागद दाखवतो की बघा, इथं ‘नॉर्मल जमीन’ धरलीय. अहो पण खाली काय आहे ते सहीच्या आधी माती परीक्षण करून बऱ्यापैकी कळतं की! ते करत नाहीत कारण आकडा तेव्हाच वाढला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल.

माती उचलायचं तर विचारूच नका. खणलेली माती मोकळी झाली की फुगते, साधी माती साधारण २५ टक्के, फोडलेला खडक तर ५० टक्क्यांच्या आसपास, आणि बिल लागतं ट्रकच्या खेपांवर. खड्ड्याचं माप धरायचं की गाडीचं, हे कागदात शोधून सापडत नाही.

मग टाइल्स, नळ, दरवाजे यांचे ‘बेसिक रेट’, म्हणजे मूळ आकड्यात धरलेले भाव, जे इतके कमी असतात की त्या रेटात घ्यावंसं वाटेल असं काही मिळत नाही, वरचा फरक आपण भरायचा. कंपाउंड, पाण्याची टाकी, ड्रेनेज लाइन हे मूळ आकड्यात धरलेलंच नाही हे पण नंतर कळतं. ड्रेनेज नसलेलं घर कोण मागतं हो? सिमेंट-स्टीलचे भाव वाढले तर जादा पैसे असं कलम असतं, पण कुठल्या तारखेपासूनची वाढ ते नसतं, आणि भाव उतरले तर परत देऊ हे तर मी कुठंच वाचलं नाही.

सगळेच कॉन्ट्रॅक्टर लुटारू नसतात, मधेच भिंत सरकवा म्हणणारे मालक पण असतात, त्यांनी पैसे द्यायलाच हवेत. पण अर्धवट बांधकामाला दुसरा कॉन्ट्रॅक्टर सहसा हात लावत नाही, लोन मूळ आकड्यावर मंजूर झालेलं, घरभाडं आणि हप्ता दोन्ही चालू, अशात एक्स्ट्राला नाही कोण म्हणणार?

तर साहेब, एक नमुना करार सक्तीचा करा. माती परीक्षणाचा रिपोर्ट जोडल्याशिवाय सही नको. काय धरलंय आणि काय नाही याची यादी पहिल्याच पानावर ठळक हवी, शेवटी बारीक अक्षरात नको. आणि मुख्य म्हणजे एक्स्ट्रा कामाचा रेट लिहून त्यावर दोघांच्या सह्या व्हायच्या आधी काम केलं तर त्याचे पैसे मागता येणार नाहीत असं ठरवा. यावर ओरड होईल, काम थांबतं म्हणतील. थांबू दे एक दिवस, तसंही पेमेंट अडकलं की थांबतंच.

मसुदा काढलात तर हरकती-सूचनांची मुदत जरा बरी ठेवा, आम्ही सगळे सध्या साइटवर असतो.

आपला,
प्लिंथपर्यंत (म्हणजे जोत्यापर्यंत) पोचलेला एक घरमालक