केमोच्या पेशंटचा ताप सकाळपर्यंत थांबत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की तुमच्या पेपरात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचे आकडे येतात, ते चांगलंच आहे. पण एका तापाबद्दल माझ्या तरी वाचनात कधी काही आलं नाही म्हणून हे लिहितेय. केमो चालू असलेल्या माणसाला येणारा ताप.

माझ्या मोठ्या बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर आहे. केमो परळला चालू आणि आम्ही सगळे राहायला चारकोपला. जुलैमध्ये ताईची तिसरी केमो झाली, चार-पाच दिवस उलट्या, तोंडभर फोड, मग हळूहळू बरं वाटायला लागलं, दहाव्या दिवशी तर स्वतः उठून सगळ्यांसाठी चहा केला तिने. त्याच रात्री साडेदहाला म्हणाली अंगात कणकण आहे गं. थर्मामीटर लावला, १०१.२. बाहेर धो धो पाऊस, पावसाळी ताप असेल म्हणून क्रोसिन दिली, घाम येऊन ताप उतरला, आम्हाला हायसं वाटलं आणि आम्ही झोपलो. ही चूक आमची, त्यात दुसऱ्या कोणाला बोल लावणार नाही. पहाटे चारला बाथरूमला जाताना ती भिंतीला धरून खाली बसली ती उठेचना, हातपाय गार, ओठ पांढरे, हाक मारली तर नुसतं हूं.

जवळच्याच एका नर्सिंग होमला नेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरने फाईल उघडली, केमो वाचलं आणि फाईल मिटून माझ्या हातात परत दिली. आम्ही कॅन्सरची केस घेत नाही, जिथे ट्रीटमेंट चालू आहे तिकडेच न्या. अहो निदान बीपी तरी बघा म्हटलं तेव्हा बघितलं, ८०/५०. तरी साधी सलाईनची सुई लावली नाही. रिक्षा बांद्र्याच्या पुढे जात नाही, टॅक्सी मिळेना, शेवटी शेजाऱ्यांनी त्यांची गाडी काढली, अंधेरीला पाण्यात अडकलो, मागच्या सीटवर ताईचं डोकं माझ्या मांडीवर आणि मी सारखी तिच्या नाकाशी हात नेऊन श्वास बघतेय. परळला पोचेपर्यंत सव्वासात. तिथे मात्र ट्रॉलीवरच रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिकची बाटली लावली. नंतर पेशींचे काऊंट आले, जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी फक्त ९०. रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. नऊ दिवस आयसीयू. ताई वाचली.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावलं ते आधीच कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं असं सारखं वाटतं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेल्या की माणूस उघडा पडला. शिवाय केमोने तोंडाचं आणि आतड्याचं आतलं अस्तर सोलवटतं, तिथून पेशंटच्या स्वतःच्याच पोटातले जंतू रक्तात शिरतात. पेशीच नाहीत त्यामुळे पू होत नाही, सूज नीट येत नाही, बऱ्याचदा ताप हीच एकटी खूण असते, आणि आपण क्रोसिन देऊन नेमकी तीच पुसून टाकतो. एकदा १०१ आला किंवा तासभर १००.४ राहिला की निघायचं. वय झालेल्यांना आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांना कधी कधी ताप येतही नाही, नुसती थंडी वाजते नाहीतर माणूस गुंगीत जातो, तेव्हाही निघायचं. आणि हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला पाहिजे.

आई अजून स्वतःला दोष देते, शेजारच्या पूजेचा प्रसाद मी दिला म्हणून झालं म्हणते. आई, जंतू तिच्याच पोटातले होते गं, हे मी तिला दहादा सांगितलं. ज्या ज्या घरात असं कोणी स्वतःला कोसत बसलं असेल त्यांनीही हे वाचावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा ताप केमोच्या खुर्चीत येत नाही, तो माणूस घरी गेल्यावर येतो. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहणारा पेशंट निदान परळच्या जवळ असतो, पण विरार, बदलापूर, पनवेलच्या माणसाने काय करायचं, केमो घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावी परतलेल्याने काय करायचं? पहिला डोस घराजवळच मिळाला पाहिजे. शताब्दी, कूपर, राजावाडी, सायन, कुठल्याही पालिका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, आणि प्रत्येक नर्सिंग होममध्येसुद्धा. कॅन्सरचा इलाज करा असं कोणी म्हणत नाही, बीपी बघा, रक्त घ्या, सलाईन आणि पहिला डोस लावा, केमोवाल्या डॉक्टरांना फोन करा आणि मग खुशाल पाठवा. पालिकेने तशी लेखी सूचना काढावी. आणि केमो देणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलने डिस्चार्जच्या वेळी मराठीत, हिंदीत छापलेलं एक कार्ड द्यावं, या माणसाची केमो चालू आहे, ताप असेल तर थांबवून ठेवू नका. ते कार्ड हातात असतं तर त्या रात्री मी दारात उभी राहून भांडले असते.

अजून एक, ताईच्या जंतूवर सुरुवातीचं औषध लागू पडलं नाही, तिसऱ्या दिवशी बदलावं लागलं. सर्दी झाली की केमिस्टकडून अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या घेऊन येणारे आपण सगळेच आहोत, मीही होते. गोळ्यांच्या पाकिटावरची लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, २०१६ पासून सरकार हे सांगतंय. अशाने जंतू निगरगट्ट होतात आणि ज्यांच्या अंगात लढायला पेशीच नाहीत त्यांच्यासाठी मग औषध उरत नाही.

ताईची चौथी केमो पुढच्या मंगळवारी आहे. यावेळी दुसऱ्या दिवशी पेशी वाढवायचं इंजेक्शन देणार आहेत. मी कॅलेंडरवर सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत लाल पेनाने गोल केलेत, दारामागे बॅग भरून ठेवलीय, फाईल, थर्मामीटर, शाल, भावोजींनी रात्री-अपरात्रीसाठी गाडीवाला बोलून ठेवलाय. फक्त त्याला घराजवळ कुठे न्यायला सांगायचं ते अजून ठरत नाहीये.

आपली,
एक वाचक, चारकोप, कांदिवली पश्चिम