फुगलेली बॅटरी वेळीच ओळखणाऱ्या दादांना

दादा, स. न. वि. वि.

बिल दिलं, पावती मिळाली, म्हणजे व्यवहार संपला असं तुम्ही म्हणाल. माझ्या मनात तो संपलेला नाही. आईच्या लॅपटॉपसाठी तुम्ही जे केलंत ते चारचौघांना कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

आईला संधिवात आहे. माऊस मुठीत धरला की अंगठ्याचा सांधा ठणकतो, त्यामुळे तिचं सगळं काम टचपॅडवर, एका बोटानं चालतं. आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या ती आठवतील तशा टाइप करून ठेवते. टचपॅड बंद पडला आणि ते लिहिणंच थांबलं. आधी बाण आपोआप ओळीच्या ओळी सिलेक्ट करायचा, मग जागचा हलेनासा झाला. एका दुकानात वरवर बघूनच सांगितलं, ‘टचपॅड गेलाय, नवीन टाकावा लागेल.’ भाव ऐकून आई गप्पच झाली.

तुम्ही मात्र आल्या आल्या स्क्रू ड्रायव्हर उचलला नाहीत. “काकू, नेमकं काय काय होतं ते सांगा,” म्हणालात आणि तिचं सांगून होईपर्यंत मध्ये एक शब्द बोलला नाहीत. हे मला फार मोठं वाटतं.

मग एकेक गोष्ट आम्हाला दाखवत तपासलीत. वरच्या एफच्या बटणांपैकी एकावर टचपॅडचं चित्र असतं, एफएनसोबत ते चुकून दाबलं गेलं तरी टचपॅड बंद होतो. विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेसखाली टचपॅडचं पान आहे. तिथे माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायचा की नाही, याची एक चौकट असते. ती खूण काढलेली असली आणि वायरलेस माऊसचा तो नखाएवढा रिसीव्हर यूएसबीत राहून गेला, तर माऊस कपाटात असला तरी टचपॅड बंदच राहू शकतो. कितीतरी लोक एवढ्यासाठी दुकानाच्या पायऱ्या चढत असतील! आमच्याकडे तसं काही नव्हतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही बिघाड दाखवणारी पिवळी खूण दिसली नाही.

त्यानंतर तुम्ही लॅपटॉप बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सुरू केलात. “या मॉडेलच्या बायोसमध्ये टचपॅड चालतो. इथे विंडोज अजून सुरू झालेलं नाही, तरी बाण हलत नाही, मग ड्रायव्हर, म्हणजे विंडोजमधलं टचपॅड चालवणारं सॉफ्टवेअर, बदलून काय उपयोग?” तुमचं हे बोलणं ऐकताना पहिल्यांदाच मला या यंत्राचं काहीतरी उमगतंय असं वाटलं.

आणि मग ती स्टीलची पट्टी. तळहात टेकतात त्या जागेवर, टचपॅडच्या आरपार तुम्ही ती आडवी ठेवलीत आणि एका टोकाला हलकेच बोट लावलंत. पट्टी डुगडुगली. टचपॅडचा मधला भाग केसभर वर आला होता. नुसत्या डोळ्यांना ते जाणवतही नव्हतं. तुम्ही लगेच चार्जर काढलात, लॅपटॉप बंद केलात आणि आईला म्हणालात, “काकू, आता याला हात लावायचा नाही.”

खालचं झाकण निघालं तेव्हा बॅटरीचं पाकीट टम्म फुगलेलं दिसलं. जुन्या होत गेलेल्या लिथियम बॅटरीत वायू साठतो, सतत चार्जरवर आणि गरम राहिली की ती लवकर म्हातारी होते, हे तुम्ही समजावलंत. टचपॅड बरोबर तिच्या वर असल्यामुळे तो खालून ढकलला जात होता, क्लिक कायम दाबलेलं राहत होतं. तशी बॅटरी दाबली, टोचली गेली तर पेट घेऊ शकते. आई रोज ज्यावर तळवे टेकून बसत होती त्याच्या खाली हे होतं, या विचारानं अजून पोटात गोळा येतो. नवीन टचपॅड घालून तो पुन्हा वर आलाच असता, आणि धोका जागच्या जागी राहिला असता.

बॅटरी काढल्याबरोबर टचपॅड सपाट बसला आणि बाण धावायला लागला. टचपॅड धडधाकट होता! पार्ट नंबर बघून तुम्ही नवी बॅटरी मागवलीत आणि ती येईपर्यंत लॅपटॉप नुसत्या अडॅप्टरवर चालवून दिलात. “लाइट गेली की बंद पडेल, तेवढं सेव्ह करत राहा,” एवढं बजावायलाही विसरला नाहीत. आईनं त्याच संध्याकाळी राहिलेली ओवी पुरी केली. नवी बॅटरी बसवल्यावर चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोयही चालू करून दिलीत, कारण तिचा लॅपटॉप जागेवरून हलत नाही. टचपॅडचा एक रुपयाही लावला नाहीत.

जुनी बॅटरी तुम्ही कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवलीत आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे देतो म्हणालात. ते ऐकून मी आमच्या इमारतीत विचारलं, तर घरोघरी जुने मोबाइल आणि पॉवर बँक पडून आहेत. त्यातली एक पॉवर बँक फुगलेली वाटते. तिला कुणी हात लावलेला नाही, पण ती तुमच्यापर्यंत कशी आणायची ते आधी फोनवर सांगा. बाकीचं सगळं मी रविवारी दुकानात घेऊन येते.

तुमची,
काकूंची मुलगी