रजईची पाठही पाहायला हवी

संपादक महोदय,

गोव्यात जुन्या भरतकामाच्या रजया मांडल्या की पाटीवर बहुधा 'इंडो-पोर्तुगीज' एवढंच लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक पोर्तुगीज होतं, हे खरं. पण टाके घातले ते बंगालमधलं जुनं बंदर सातगाव आणि गुजरात इथल्या कारागिरांनी, आणि ते मुलूख तेव्हा आधी सुलतानांच्या, मग मोगलांच्या अमलाखाली होते. पाटीवर तेही यायलाच हवं.

ओळखणं फार अवघड नाही. सुती कापडावर पिवळसर रानरेशमाचं एकरंगी काम आणि शिकारीचे देखावे असले, तर आधी बंगालचा विचार करावा. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटन या डच प्रवाशाने बंगालच्या अशाच पिवळसर धाग्याला गवतापासून काढलेला धागा समजून त्याचं कौतुक केलं आहे. रंगीत रेशमाची अगदी बारीक साखळी बहुधा गुजरातची, मोची कारागिरांच्या आरीची, म्हणजे आकडी असलेल्या सुईची. साखळी टाक्याच्या पाठीला आखूड टाक्यांची सलग रेघ असते. रजईची टीप मात्र सगळ्या थरांतून जाते, म्हणून ती अस्तरावरही दिसायला हवी. दिसत नसेल तर अस्तर मागाहून बदललेलं असू शकतं, आणि त्या अस्तरावरून रजईचा काळ ठरवला तर तो चुकतो.

मांडणीतली चूक याहून महागात पडते. रजई वरच्या दोन कोपऱ्यांना खिळ्यांवर टांगली की सगळं वजन तिथल्या धाग्यांवर येतं आणि कापड टाक्यांच्या भोकांपाशी फाटत जातं. ती उतरत्या फळीवर, खालून पूर्ण आधार देऊन ठेवावी. प्रकाश 50 लक्सच्या आत असावा. पावसाळ्यात तर वातानुकूलन दिवसा चालू नि रात्री बंद, असं कधीच करू नये. सूत, रेशीम आणि अस्तर दमट हवेत सारखे फुगत नाहीत; रोजच्या ओढाताणीत कापडाला चुण्या पडतात, टीप तुटते. सापेक्ष आर्द्रता 50 ते 55 टक्क्यांवर स्थिर ठेवावी. 65 च्या वर बुरशीला वाव मिळतो.

रंगीत कामात काही वेळा काळ्या धाग्याची रेघ गळून नुसती सुईची भोकं उरतात. लोह आणि हिरड्यासारख्या तुरट द्रव्यापासून केलेला काळा रंग रेशीम कुजवतो, त्याचा हा परिणाम. ती भोकं नव्या धाग्याने भरू नयेत. कारागिराची मूळ रेघ आता तेवढ्यावरूनच कळते.

एक वाचक,
फोंडा, गोवा