गोळ्या स्वारगेटहून, डॉक्टर मात्र गल्लीतले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार हा जागतिक पॅलिएटिव्ह केअर दिन. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा. त्या निमित्ताने आपल्या पुरवणीत आलेला लेख दोनदा वाचला. वांद्र्याला 1986 साली सुरू झालेला शांती अवेदना आश्रम, वारज्याचं 1997 पासूनचं सिप्लाचं केंद्र, केरळातलं काम, सगळं त्यात आहे. नाहीत ते फक्त आमच्या गल्लीतले डॉक्टर. म्हणून हे पत्र.

मी एसटीतला निवृत्त वाहक. माझे थोरले भाऊ, दादा, तोंडाच्या कॅन्सरने गेले. चाळीस वर्षं तंबाखू मळली, त्याबद्दल त्यांची कुणाकडे तक्रार नव्हती. ऑपरेशन झालं, शेक झाले, आठ महिन्यांनी गाठ परत आली. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात सांगितलं, "आता घरी न्या, सेवा करा." फाइल एवढी जाड, की पिशवीचा बंद तुटला. पण रात्री दुखायला लागलं तर काय द्यायचं, कुणाला फोन करायचा, हे सांगणारा एक कागद त्या फायलीत नव्हता. सेवा करा म्हणजे नेमकं काय करा?

वहिनींनी आमच्या फॅमिली डॉक्टरांना बोलावलं. आमच्या घरातली तीन पिढ्यांची तापाची चिठ्ठी त्यांच्याच हातची. ते आले, फाइल बाजूला ठेवली आणि दादांना विचारलं, "झोप लागते का?" दादांनी मान हलवली आणि रडले. पाच महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

मग डॉक्टर मला ओट्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, "खरं सांगतो, मी आयुष्यात मॉर्फिन लिहिलेलं नाही. शिकून घेतो, दोन दिवस द्या." डॉक्टरांबद्दल माझा आदर वाढला तो या वाक्याने. मॉर्फिन म्हणजे अफूपासून बनणारं, फार दुखत असेल तेव्हा द्यायचं औषध. त्यांनी पुण्यातल्या एका वेदना क्लिनिकला फोन केला, माझ्यासोबत चिठ्ठी दिली, आणि पुढे साठीच्या घरात असताना रात्री मोबाइलवर या विषयाचा ऑनलाइन वर्गही केला.

मॉर्फिन तालुक्याला मिळत नव्हतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटावर मी स्वारगेटला जायचो. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 ला एकेक आणि रात्री 10 ला दोन, म्हणजे झोपमोड नको. दिवसाला 6, पंधरवड्याला 90. गोळी पाण्यात विरघळवून नाकातल्या नळीतून द्यायची. आयुष्यभर तिकिटांचा हिशेब केलेला माणूस मी, स्ट्रिपांचा हिशेबही तसाच वहीत लिहिला. शेजारी म्हणाले, "अफू चालू केली वाटतं." डॉक्टरांनी त्यांना घरात बोलावून चहासोबत समजावलं, की दुखण्याच्या मापात आणि देखरेखीखाली दिलं तर नशेची भीती बाळगायचं कारण नाही. भीती बद्धकोष्ठाची, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ राहायचं औषध सोबत. तिसऱ्या रात्री दादा सलग सहा तास झोपले. आम्हीच दर तासाला उठून श्वास चालू आहे ना ते पाहत होतो.

यातलं बरंचसं काम मोठ्या डिग्रीचं नाही, हे मला तेव्हा कळलं. जखमेला इतकी दुर्गंधी येऊ लागली, की नातवंडं खोलीत यायची बंद झाली. डॉक्टरांनी जुलाबावर देतात त्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या बारीक कुटून जखमेवर टाकायला शिकवलं. आठवड्यात वास इतका कमी झाला, की धाकटी नात पुन्हा दादांच्या पलंगावर बसून अभ्यास करू लागली. औषध साधं, डॉक्टरांच्या कपाटातलं. तिला परत त्या पलंगावर आणणं हा उपचार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो, मला माहीत नाही.

शेवटच्या रात्री घशात घरघर सुरू झाली. पुतण्या घाबरला, त्याने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावायला घेतला. डॉक्टर अकरा वाजता स्कूटरवर आले. पोट दुखल्यावर देतात ते बस्कोपानचं इंजेक्शन त्यांनी कातडीखाली दिलं, दादांना कुशीवर वळवलं आणि पुतण्याला जवळ बसवून सांगितलं, "हातपाय गार पडतील, मधे मधे श्वास थांबेल, पुन्हा चालू होईल. त्यांना त्रास होतोय असं समजू नकोस. हात धरून बस." पहाटे चारला दादा गेले. सहाला डॉक्टर पुन्हा आले आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहून दिला.

हा दाखला वाटतो तेवढा साधा नाही. घरी मृत्यू झाला, तर आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरने नमुना 4अ भरून द्यायचा असतो. त्या दिवसांत कुणी डॉक्टर घरी आलेलाच नसेल, तर सही कोण करणार? आमच्या पलीकडच्या आळीत एक आजी अंथरुणावरच शांतपणे गेल्या. दाखला द्यायला कुणी तयार होईना. शेवटी सरकारी दवाखान्यात नेऊन चिरफाड झाली. त्या घरातला पुढचा म्हातारा घरी मरू देतील का? तो थेट आयसीयूत जाईल. माणसं शेवटच्या क्षणी दवाखान्याकडे पळतात ती सगळी आशेपोटी पळत नाहीत, काही कागदासाठीही पळतात.

सरकारने काही केलंच नाही असं म्हणणार नाही. अमली पदार्थांच्या 1985च्या कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागायचे. 2014 साली संसदेने दुरुस्ती केली, मॉर्फिनसह 6 औषधांसाठी एकच व्यवस्था आणली, आणि मान्यता देण्याचं काम राज्याच्या औषध नियंत्रकांकडे दिलं. केरळने या सेवेचं धोरण 2008 साली केलं, महाराष्ट्राने 2012 साली. 2018 पासून उपकेंद्रांना आरोग्यवर्धिनी केंद्रं करायला घेतलं, त्यांच्या 12 सेवांमध्ये वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी मोजलेली आहे. आमच्याकडे ती यादी भिंतीवर छान रंगवली आहे. केरळात मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात गावची माणसं स्वयंसेवक म्हणून रुग्णांच्या घरी जातात. आपल्याकडे त्या जागी, निदान आजच्या घडीला, फॅमिली डॉक्टरच आहे. आणि त्यालाच कुणी या कामात धरत नाही.

गंमत म्हणजे सर्वोच्च न्यायालयाला त्याची आठवण आहे. शेवटच्या उपचारांबद्दल माणसाने आधीच लिहून ठेवायच्या इच्छापत्रासाठी 2018 च्या निकालाने नियम घातले, 2023 मध्ये ते सोपे केले. फॅमिली डॉक्टर असेल तर इच्छापत्राची एक प्रत त्याला द्यावी, असं त्यात आहे. मग रुग्णालयातून घरी पाठवताना त्याच डॉक्टरच्या नावे एक पत्र का देता येऊ नये? काय झालं, काय देतोय, पुढे काय होऊ शकेल आणि अडचण आली तर कोणत्या नंबरवर बोलावं, एवढंच. एका पानाचा खर्च आहे. आमच्या डॉक्टरांनी ती सगळी माहिती फायलीतून शोधायला एक रविवार घालवला.

दुसरं, मॉर्फिन निदान उपजिल्हा रुग्णालयात मिळावं. दादांना मी होतो, आणि मला रिकामा वेळ होता. रोजंदारीवरच्या माणसाने पंधरा दिवसांनी एक दिवस मोडून पुणे कसं गाठायचं? खेड्यात तर बहुतेक डॉक्टर आयुर्वेदाचे किंवा होमिओपथीचे. त्यांच्या चिठ्ठीवर मॉर्फिन मिळणार नाही, पण जखम, नळी, पाठीचे फोड, घाबरलेलं घर हे सगळं ते सांभाळू शकतात. त्यांना शिकवून जवळच्या सरकारी डॉक्टरांशी जोडून दिलं, तरी पुष्कळ होईल.

पैशांचंही बोलतो, कारण डॉक्टर स्वतः बोलणार नाहीत. ते व्हिजिटचे 200 रुपये घ्यायचे, शेवटच्या महिन्यात तेही नाही. योजना असो की विमा, खाट अडवली की बिल निघतं. रात्री अकराला स्कूटर काढणाऱ्याचं बिल कुठे लावायचं? नवे डॉक्टर घरी येत नाहीत म्हणून आपण नावं ठेवतो. पण घरी रुग्ण दगावला की जमाव अंगावर येतो, ही भीती त्यांच्या डोक्यात आपणच घातली आहे.

दादा गेले तेव्हा वहीप्रमाणे 90 पैकी 59 गोळ्या गेल्या होत्या, 31 शिल्लक होत्या. डॉक्टर म्हणाले, त्या परत करायच्या असतात. दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा स्वारगेटची गाडी पकडली, गोळ्या मोजून दिल्या, रजिस्टरवर सही केली. खिडकीवरच्या सिस्टरनी विचारलं, "दादांना शेवटी त्रास झाला नाही ना?" मी नाही म्हटलं. येताना दुपारच्या गाडीत जागा मिळाली नाही, भिगवणपर्यंत उभा होतो.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, जि. पुणे

(माझं नाव छापू नये. डॉक्टरांना कळलं तर रागावतील.)