हैदराबादला निघण्याआधी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

समोर बसून बोलायला गेलं की आई पदर डोळ्यांना लावते आणि बाबा उठून गॅलरीत जातात, म्हणून लिहून ठेवते आहे. मी पुढे शिकायला हैदराबादला जाणार आहे. शाळेने राजीनामा मंजूर केला.

कायमची नोकरी सोडायची धास्ती मला कळते, बाबा. विरारच्या जागेच्या वेळी तुमच्या पगारावरच घर तरलं होतं. पण जेआरएफचे, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीचे, महिन्याला ३७,००० मिळतील, पुढे ४२,०००. राहायला हॉस्टेल आहे. दादापुढे कुणालाच हात पसरावा लागणार नाही.

शिकवता येतंच आहे, मग आणखी शिकायचं कशाला, असं तुम्ही विचारलंत. माझी सातवीची मुलं धड्याखालची उत्तरं घडाघडा म्हणतात, पण इंग्रजीत साधा पत्ता विचारला की मान खाली. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी ही गत. मला हे फार लागतं. हुशार मुलं आहेत हो ती.

१९७९ ते १९८४ मध्ये इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी दक्षिणेतल्या साध्या शाळांत वेगळाच प्रयोग केला होता. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना इंग्रजीतून कामं द्यायची. नकाशावरून रस्ता काढा, वेळापत्रकावरून गाडी शोधा. उत्तर शोधण्यात मन गुंतलं की भाषा न शिकवता रुजते, असं त्यांचं म्हणणं. वाचताना मला तुमची मांडी आठवली, बाबा. माटुंगा वर्कशॉपमधून दमून यायचात, तरी कर्जत-कसाऱ्याचं वेळापत्रक उघडून "ही चुकली तर पुढची कितीला?" विचारायचात. माझी वजाबाकी तिथेच पक्की झाली.

वर्गात तसंच करून पाहिलं. मुलं आपसांत मराठीत भांडली आणि उत्तर इंग्रजीत दिलं! त्या मराठी भांडणाचा इंग्रजीला कितपत आधार होतो, हेच मला तपासायचंय. हे काम नीट शिकवणारी संस्था १९५८ पासून हैदराबादेत आहे, आता ते केंद्रीय विद्यापीठ झालंय. आणि आई, अभ्यासासाठी वर्ग मात्र लालबाग-परळचेच घेणार आहे. म्हणजे मधूनमधून महिना महिना मी घरीच असेन. एरवीही हुसेनसागर एक्सप्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी घर.

जेवणाची काळजी करू नकोस. भात भरपूर असतो, मेतकूट आणि तुझा लसणीचा ठेचा नेतेच आहे. ताप आला की तुझा हात कपाळावर लागतो, तेवढं मात्र तिथे मिळणार नाही.

आता ऐका. आईच्या गोळ्या वारांच्या डबीत भरल्यात, "आज बरं वाटतंय" म्हणून एकही वगळायची नाही. तीन महिन्यांची साखर गणपतीआधी तपासायची, मोदकांनंतर नाही. बाबांनी मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही, त्या दिवसासाठी मी येणार आहे. चालत्या लोकलमध्ये चढणं बंद. गॅसचा नंबर लावायला शेजारच्या काकूंच्या मुलाला सांगितलंय, संकोच करू नका. आजीच्या पाटल्यांचा विषय मी नसताना कुणी काढला, तर "ती आल्यावर बोलू" एवढंच म्हणा.

रोज रात्री जेवणं झाली की फोन करीन. बाबा, तेव्हा टीव्ही बंद ठेवा, आणि आईला आधी बोलू द्या.

तुमची,
छकुली